सामूहिक ध्यानाला संतवचन घेताना या चुका टाळा

सज्जनगड आणि गोंदवले, दोन्ही आपल्याच जिल्ह्यात. त्यामुळे साताऱ्यातल्या ध्यानाच्या मंडळींना वचनांची कमतरता कधीच नसते. उलट ती जास्तच होतात. तासाभरात मनाचे दोन श्लोक, एक अभंग, वर दासबोधातली ओवी, आणि घरी जाताना एकही आठवत नाही. एका वेळी एकच वचन घ्या. गोंदवलेकर महाराजांची प्रवचनं तारखेवार असल्याने बरेच जण त्या दिवसाचं पूर्ण वाचतात. वाचनाला ते उत्तमच, पण ध्यानाला त्यातलं एक वाक्य पुरे.

सगळ्यात जपायचं ते समोर कोण बसलंय याला. 'जनी सर्वसूखी असा कोण आहे' सगळ्यांना पाठ असतो. पण त्याच श्लोकात पुढे 'मना त्वांचि रे पूर्वसंचीत केले, तयासारिखे भोगणे प्राप्त झाले' असंही आहे. नुकताच तरुण मुलगा गेलेल्या काकू समोर बसल्या असताना हे म्हटलं, तर त्यांना एवढंच ऐकू येतं, की तुझंच काही चुकलं असेल. समर्थांनी हे श्लोक मनाला उद्देशून, ज्याने त्याने स्वतःशी म्हणावेत असे रचलेत. दुसऱ्याच्या दुःखाचं कारण सांगायला ते वापरणं मला क्रूरपणा वाटतो. अशा दिवशी नुसतं 'श्रीराम जय राम जय जय राम' म्हणा आणि काकूंच्या शेजारी बसा.

वचन अर्धवट घेऊ नका. 'सामर्थ्य आहे चळवळेचे' फ्लेक्सवरही दिसतं, पण 'परंतु तेथे भगवंताचे अधिष्ठान पाहिजे' गळून जातं, आणि चिंतनाला खरं तेच हवं. व्हॉट्सॲपवर तर कुणाचंही वाक्य संतांच्या नावावर फिरतं. म्हणून वचन आणणाऱ्याने ठिकाणही आणावं. ही ओवी दासबोधातल्या दशक २०, समास ४ मधली आहे, असं.

निरूपण लांबलं की शांततेला वेळच उरत नाही. अवघड शब्द आधीच सांगून टाका. मग वचन सावकाश तीनदा वाचा, मध्ये दोन-तीन श्वास जाऊ द्या आणि पुढची दहा मिनिटं कुणीही बोलू नका. डुलक्या येऊ लागल्या तर डोळे अर्धे उघडे ठेवायला सांगा आणि मध्येच वचन एकदा हळू आवाजात म्हणा.

नंतरच्या बोलण्यात उपदेश शिरतो. 'तुम्ही सुनेला तेव्हाच सांगायला हवं होतं' असं सुरू झालं की लगेच थांबवा: "काका, तुमच्यापुरतं सांगा." ज्याला बोलायचं नाही त्याला आग्रह नको.

कुणीच काही बोललं नाही, तर पुढच्या गुरुवारी तेच वचन पुन्हा घ्या. मधल्या आठवड्यात घरात, दुकानात, शेताच्या बांधावर त्यावरून काहीतरी घडलेलं असतं, आणि मग माणसं आपणहून बोलतात.