काळ्या मातीत बुटका गुलाब: कोजागिरी ते होळीचा हिशोब

दरवर्षी पोळा झाला की आमच्या गावात गुलाबाच्या रोपांनी भरलेला छोटा हत्ती येतो, स्पीकर लावून, अन् हरेक रोपावर एक टपोरं फूल. अर्ध्या गावच्या बाया फूल पाहून रोप घेतात, दारासमोर लावतात अन् पुढच्या नवतप्यापर्यंत दहातलं एखादंच जिवंत राहते. मग म्हणतात, आपल्या मातीत गुलाब येत नाही. येते ना बाप्पा, पण त्याचं वर्ष वेगळं आहे. आपल्याकडं गुलाबाचा हंगाम कोजागिरी ते होळी, बाकीचे महिने त्याला फक्त जिवंत ठेवायचं असते, अन् लोक नेमकं एप्रिल-मे मध्येच त्याच्याकडून फुलं काढायला जातात.

मी यवतमाळकडचा. मागची सांदवाडी म्हणजे दहा बाय बारा, त्यातच न्हाणीची नाली, कढीपत्ता, तुळस अन् मायच्या मिरच्या. म्हणून मोठ्या झाडाचा विषयच नव्हता, बुटका हायब्रीड टी घेतला, जो दोन-अडीच फुटात थांबतो. हायब्रीड टी म्हणजे एका दांडीवर एक मोठं फूल, लांब निमुळती कळी, आपण हाराच्या दुकानात सुटा घेतो तसला. चहाशी एवढाच संबंध की चीनकडून आलेल्या टी गुलाबाचं रक्त यात आहे, पहिला हायब्रीड टी मानतात तो ला फ्रान्स, 1867 सालचा. गुच्छानं फुलतो तो फ्लोरिबंडा, अन् पानं-फुलं सगळंच बारीक असते तो मिनिएचर, नर्सरीवाला सगळ्यालाच "बुटका" म्हणून देते तेव्हा विचारून घ्या. ग्लॅडिएटर सगळीकडं भेटतो, फूलही झकास, पण तो उंच जाते, लहान जागेत भिंतीला घासत राहतो.

घेताना फूल पाहूच नका, खाली पाहा. संत्र्यावाल्याला हे सांगायची गरज नाही, जंबेरीच्या खुंटावर संत्र्याचा डोळा, म्हणजे फुटव्याची कळी, बांधतात तसाच जंगली गुलाबाच्या खुंटावर हा डोळा बांधलेला असते. वरुडकडं माझ्या मामाची बाग आहे, त्यानं पहिल्यांदा दाखवलं. तो रोप हातात घेऊन आधी अंगठ्यानं जोड, म्हणजे डोळा बांधला ती जागा, दाबून पाहते, जोड घट्ट पाहिजे, सडका-काळा नको, अन् तिथून निदान दोन चांगल्या फांद्या फुटलेल्या पाहिजेत. बुटकं ओळखायचं तर पानापानातलं अंतर पाहा, जवळजवळ पानं असली तर झाड गच्च राहते. नुसती एक लांब काडी अन् तिच्या टोकाला फूल, असलं रोप फुकट दिलं तरी घेऊ नका.

आता मातीचं, कारण आपल्याकडं निम्मे गुलाब इथंच जातात. काळी माती कपाशीला सोनं आहे, गुलाबाला पावसाळ्यात ती चिखलाचा कोंडवाडा होते. मुळाला हवा भेटत नाही, झाड वरून पिवळं पडते, अन् आपण समजतो पाणी कमी पडलं म्हणून आणखी पाणी टाकतो. कुंडीत तर निराळीच गंमत, पहिल्या वर्षी मी नुसती वावरातली माती भरली होती. उन्हात ती आकसली अन् कुंडीच्या कडेनं बोट जाईल एवढी फट पडली, मी रोज पाणी टाकून राहिलो अन् पाणी त्या फटीतून सरळ खालच्या भोकातून बाहेर. वरून ओलं दिसे, एक दिवस झाड उपटलं तर मधला गोळा विटेसारखा कोरडा.

म्हणून जमिनीत लावत असाल तर खड्ड्यापेक्षा वाफा करा, नऊ इंच ते फूटभर वर उचललेला, कडेनं जुन्या विटा. खाली दीड फूट खोदून घ्यायचं. माझं प्रमाण असं आहे: दोन घमेले काळी माती, एक घमेलं रेती, एक बारीक लाल मुरूम, अन् दोन घमेले जुनं शेणखत, हातात घेतलं तर वास येणार नाही असं. कच्चं शेण टाकलं की उधई अन् हुमणी आलीच समजा, म्हणून या मिश्रणात निंबोळी पेंड दोन मुठी टाका. मुरूम पांढरा चुनखडीचा नको, आधीच आपली माती अन् बोरचं पाणी दोन्ही चुन्याचं. हाडाचा चुरा बरेच लोक सांगतात, पण असल्या चुन्याच्या मातीत तो विरघळतच नाही, वर्ष-वर्ष तसाच पडून राहते, त्याच्या पैशात पेंड आणा. कुंडीच पाहिजे तर निदान चौदा इंची, नाही तर प्लास्टिकचा ड्रम अर्धा कापा, फक्त औषधाचा ड्रम नको.

लावायचा मुहूर्त म्हणजे पाऊस उघडल्यावर, दसऱ्यापासून संक्रांतीपर्यंत. बाहेरून आलेल्या रोपाच्या मुळाशी चिकणमातीचा गच्च गोळा असते, तो तसाच पुरला तर मुळं त्यातच फिरत राहतात. बादलीत अर्धा तास बुडवून कडेची माती हळू सोडवून घ्या, सगळी नाही. जोड मातीच्या वर दोन इंच राहिला पाहिजे. थंड देशात तो जोड मातीत पुरतात म्हणे बर्फापासून वाचवायला, आपल्याकडं पुरला तर सडते. दोन झाडात दोन फूट अंतर अन् रोज पाच-सहा तास ऊन, तेही सकाळचं असलं तर उत्तम.

जोडाच्या खालून जोरात एक हिरवागार फुटवा येईल, सरळ, पातळ पानांचा, पाहून जीव खुश होते. तो जंगली आहे. बऱ्याचदा त्याला एका पानात सात पानोळ्या असतात, पण त्यावर जाऊ नका, कलमालाही कधी सात येतात, फुटवा कुठून निघाला तेवढं पाहा. माती उकरून मुळापासून ओढून काढायचा, वरून कापला तर चार येतात. आमच्या शेजारच्या काकूनं तो हौसेनं वाढवला, दोन वर्षांनी अंगणभर काटे अन् मूळचा लाल गुलाब कधीच गेलेला.

आता कोजागिरी. छाटणीआधी आठ दिवस पाणी थोडं तोडा. संत्र्याच्या मृग बहाराला ताण देतात तेवढा नाही, पानं लुळी पाडायची नाहीत. मग साधारण 10 ते 20 ऑक्टोबरच्या मधात, पाऊस गेल्याची खात्री झाल्यावर, सिकेटर घ्या, धार पाहून. आधी मेलेल्या, काळ्या पडलेल्या अन् पेन्सिलीपेक्षा बारीक फांद्या बुडापासून काढा, मधात घुसणाऱ्याही काढा. तीन ते पाच जाड फांद्या ठेवायच्या अन् त्या नऊ इंच ते फूटभर उंचीवर कापायच्या, बाहेर तोंड असलेल्या डोळ्याच्या पाव इंच वर, तिरका काप. कापलेला गाभा पांढरा-हिरवा दिसला पाहिजे, तपकिरी दिसला तर आणखी खाली या. पहिल्यांदा छाटताना हात थरथरते, मी दर वेळी मायच्या माघारीच छाटतो, नाही तर ती ओरडते, "काहून बाप्पा जित्या झाडाले बोडकं करून राहिला!"

कापावर लगेच बोर्डो पेस्ट लावा, यात आळस केला की शेंड्याकडून फांदी काळी पडत खाली येते. शंभर ग्रॅम मोरचूद (कॉपर सल्फेट) अर्धा लिटर पाण्यात, शंभर ग्रॅम कळीचा चुना दुसऱ्या अर्ध्या लिटरात, प्लास्टिकच्या भांड्यात वेगवेगळं भिजवून मग एकत्र, लोखंडाचं भांडं चालत नाही. जुना पेंटिंगचा ब्रश पुरते.

छाटल्यावर दोन घमेले शेणखत अन् पेंड मातीत मिसळून पाणी सोडा. फुटवे एक वीत झाले की 19:19:19 खत लिटरला पाच ग्रॅम, पंधरा दिवसातून एकदा, ओल्या मातीवरच. घरात कपाशीचा युरिया पडून आहे म्हणून मूठभर टाकू नका, नुसती लुसलुशीत पानं येतात अन् त्यावर मावा. नवीन पानं पिवळी अन् शिरा हिरव्या दिसल्या तर ते लोह कमी, चुन्यामुळं झाडाला भेटत नाही, चिलेटेड फेरस लिटरला अर्धा ग्रॅम फवारा. दांडीवर मधली कळी ठेवून बाजूच्या मुगाएवढ्या कळ्या नखानं काढल्या की मधलं फूल मोठं होते. पंचेचाळीस-पन्नास दिवसांनी, म्हणजे डिसेंबर लागता लागता, पहिली फुलं.

फवाऱ्याचं एक सांगतो, माझी चूक आहे. मागं एकदा धुऱ्यावर टू-फोर-डी तणनाशक मारलेला पंप दोनदा धुतला अन् त्यातूनच गुलाबाला नीम तेल मारलं. आठ दिवसात नवीन पानं दोरीसारखी पिळली, कपाशी जशी भेंडीच्या पानासारखी होते तसंच, अन् कळ्या चमच्यासारख्या वाकड्या. दोन झाडं गेली. गुलाबाला शंभर रुपयाचा लहान हातपंप वेगळाच ठेवा, तणनाशकाचा पंप दहादा धुतला तरी नाही. अन् कपाशीचं जहाल औषधही नाही, फूल देवाला जाते, पोरं नाकाला लावतात.

घरगुती औषध तेवढं पुरते. कळीच्या पाकळ्यांच्या कडा जळल्यासारख्या झाल्या अन् कळी उमलेना म्हणजे फुलकिडे, कळी पांढऱ्या कागदावर झटका, बारीक पिवळे किडे चालताना दिसतील. पाच मिली नीम तेल अन् थोडा साबण लिटरला, संध्याकाळी, आठ दिवसातून एकदा, खराब कळ्या तोडून जाळायच्या. थंडीत पानावर पीठ पडल्यासारखं दिसलं तर भुरी, पाण्यात विरघळणारं गंधक लिटरला दोन ग्रॅम, पण ऊन तापायला लागलं की गंधक बंद, पानं करपतात. पावसाळ्यात काळे ठिपके पडून पानं गळतात, पान सात-आठ तास ओलं राहिलं की ती बुरशी धरते, म्हणून पाणी बुडाशी अन् सकाळीच, गळलेली पानं झाडून घ्या, मॅन्कोझेब लिटरला दोन ग्रॅम.

फूल कापताना नुसती मान तोडू नका, खाली पाच पानोळ्यांचं बाहेर तोंड असलेलं पान पाहून त्याच्या वर कापा, तिथून पुढची दांडी निघते. असं होळीपर्यंत दोन-तीन बहार भेटतात.

होळी झाली की खत बंद. छाटायचं नाही, जी कळी येईल ती वाटाण्याएवढी असतानाच खुडायची. पश्चिमेकडून पन्नास टक्क्याची हिरवी नेट, बुडाशी सोयाबीनचं कुटार चार बोटं जाड, पण जोडाला चिकटू द्यायचं नाही, उधई येते. पारा पंचेचाळीसवर गेला की सकाळी भरपूर पाणी, कुंडी असली तर संध्याकाळी पुन्हा, नळीतलं गरम पाणी आधी सांडून द्यायचं. झाड या दिवसात भिकार दिसते, पानं लहान, फूल आलंच तर रुपयाएवढं. दिसू द्या. मृगाचा पाऊस पडला की वाळक्या काड्या तेवढ्या काढा, वाफ्यात पाणी साचून राहिलं तर खुरप्यानं वाट करून द्या.

अन् बकरी. काटे आहेत म्हणून खात नाही असं समजू नका, कोवळा गुलाबाचा फुटवा तिला हरभऱ्याच्या भाजीसारखा लागते. आमच्याकडं वाफ्याभोवती बोराटीचे फाटे लावले आहेत, फाटक लावायला विसरलो तरी ते पुरतात.