ईईजीच्या आलेखावरून शुद्ध-बेशुद्धी कशी ओळखावी

ईईजी म्हणजे डोक्यावर तारा लावून टिपलेला मेंदूच्या विद्युत लहरींचा आलेख. बेशुद्धीत मेंदू बंद पडतो, हा समज आलेख हाती घेण्यापूर्वीच सोडून द्यावा. गाढ झोपेत, भुलेच्या अमलाखाली किंवा अपस्माराच्या झटक्यातही मेंदूत विद्युत हालचाल भरपूर असते. लहान मुलांमधील ज्या झटक्यात मूल काही सेकंद शून्यात पाहत राहते, त्यात तर सेकंदाला सुमारे 3 या गतीने उंचच उंच लहरी संपूर्ण आलेख व्यापतात आणि नेमकी तेवढ्याच काळापुरती शुद्ध हरपते. म्हणून हालचाल किती आहे यापेक्षा ती कशा प्रकारची आहे आणि बाहेरून काही केल्यावर बदलते का, हे पाहावे.

सुरुवात जागेपणीच्या आलेखापासून करावी, कारण पुढची सगळी तुलना त्याच्याशीच होते. माणूस जागा, शांत आणि डोळे मिटून असेल, तर डोक्याच्या मागच्या भागावर 8 ते 13 हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला 8 ते 13 लहरींची, नियमित अल्फा लय दिसते. डोळे उघडताच ती दबते आणि कमी उंचीच्या, वेगवान, अनियमित लहरी येतात. माणसाच्या ईईजीवरील पहिला निबंध जर्मन मनोविकारतज्ज्ञ हान्स बर्गर यांनी 1929 साली प्रसिद्ध केला. अल्फा लयीची ओळखही त्यांनीच करून दिली.

झोपेचा आलेख 30 सेकंदांचे तुकडे पाडून वाचतात. एखाद्या तुकड्यात 75 मायक्रोव्होल्टपेक्षा उंच अशा संथ लहरी किमान 20 टक्के वेळ असतील, तर ती गाढ झोप समजावी. या लहरी उंच दिसतात त्या मेंदू जास्त काम करतो म्हणून नव्हे, तर असंख्य चेतापेशी एकाच वेळी सक्रिय होतात आणि एकाच वेळी गप्प बसतात म्हणून. स्वप्ननिद्रेचा आलेख मात्र जवळजवळ जागेपणीसारखाच असतो, त्यामुळे डोळ्यांच्या हालचाली आणि हनुवटीच्या स्नायूंचा ताण यांची नोंद सोबत नसेल, तर नवख्या वाचकाची हमखास फसगत होते.

भुलेचा आलेख वाचताना औषध कोणते दिले आहे, हे आधी विचारून घ्यावे. प्रोपोफॉल या भुलेच्या औषधाने शुद्ध हरपते तेव्हा मागची अल्फा लय नाहीशी होते, कपाळामागच्या भागात नवी अल्फा लय उमटते आणि तिच्याबरोबर 1 हर्ट्झहूनही संथ लहरी वाहू लागतात. मात्रा आणखी वाढवली, तर काही क्षण सपाट रेषा आणि मधूनच उसळी, असा क्रम दिसतो. केटामीन या दुसऱ्या भुलेच्या औषधाने याउलट वेगवान लहरी वाढतात. शस्त्रक्रियेच्या वेळी वापरला जाणारा बीआयएस हा भूल किती गाढ आहे ते ईईजीवरून सांगणारा 0 ते 100 चा निर्देशांक 40 ते 60 दरम्यान ठेवण्याचा प्रयत्न असतो, परंतु केटामीन दिल्यावर तो आकडा भूल पुरेशी असतानाही चढू शकतो. केवळ आकड्यावर विसंबणारा येथे चुकतो.

कोमातील रुग्णात अल्फा लय दिसली, तरी लगेच समाधान मानू नये. हृदय थांबून मेंदूचा प्राणवायू तुटल्यानंतर कधी कधी अशी लय सर्व डोक्यावर पसरलेली आढळते. खात्री करण्यासाठी रुग्णाला नावाने हाक मारावी, टाळी वाजवावी, पापण्या उघडाव्यात. लय तसूभरही बदलत नसेल, तर ती जागेपणाची नव्हे. मात्र हा निष्कर्ष काढण्यापूर्वी गुंगीच्या औषधांचा अंमल आणि शरीराचे तापमान तपासलेच पाहिजे.

नुसत्या निरीक्षणाने प्रश्न सुटत नसेल, तेव्हा डोक्याबाहेरून चुंबकीय स्पंद देऊन मेंदूचा प्रतिसाद ईईजीवर टिपता येतो. जागेपणी तो प्रतिसाद दूरच्या भागांत पोहोचतो आणि जाताना रूप बदलत राहतो. गाढ झोपेत तो जोरदार उमटतो, पण जागच्या जागीच विरतो. केटामीनखाली निपचित पडलेल्या, नंतर मात्र स्पष्ट स्वप्ने सांगणाऱ्या माणसात हा प्रतिसाद जागेपणीसारखा गुंतागुंतीचा असतो. म्हणूनच ‘प्रतिसाद देत नाही’ आणि ‘काही अनुभवत नाही’ या दोन नोंदी अहवालात वेगळ्या ठेवाव्यात. मेंदूचे अभ्यासक एड्रियन ओवेन यांच्या गटाने 2006 साली जिला भानच नाही असे मानले जात होते, अशा एका तरुणीला मेंदूचे स्कॅन चालू असताना टेनिस खेळत असल्याची कल्पना करायला सांगितले, तेव्हा तिच्या मेंदूत हालचालींचे नियोजन करणारा भाग निरोगी माणसांप्रमाणेच कार्यरत झाला होता.