लहान मुलांना घेऊन दापोलीचा समुद्र: तिथी पाहून ठरवायची तीन दिवसांची सहल

दोन ते सहा वर्षांच्या मुलांना घेऊन कोकणात जायचे ठरले की बहुतेक घरांत आधी रजा टाकली जाते, मग खोली शोधली जाते, आणि समुद्र भरतीला आहे की ओहोटीला हे किनाऱ्यावर उभे राहिल्यावर कळते. हा क्रम उलटा हवा. मोठ्यांना कुठल्याही वेळचा समुद्र चालतो, तीन वर्षांच्या मुलाला चालत नाही. त्याचा समुद्र दिवसातून फार तर दोन-अडीच तास असतो, आणि ते तास उन्हाच्या किंवा झोपेच्या वेळेत आले तर सहल फुकट जाते. पुढचे सगळे दापोली तालुक्यातल्या कर्दे-मुरुड किनाऱ्याला धरून लिहिले आहे, पण तिथीचा हिशोब कोकणात इतरत्रही लागू पडतो.

आधी तिथी, मग तारीख

कर्दे आणि मुरुडचा किनारा सपाट आहे. ओहोटीला वाळू लांबवर उघडी पडते आणि खळग्यांत घोटाभर कोमट पाणी साचते. मुलांनी खेळायचे ते इथे. भरतीला हीच जागा पाण्याखाली जाते, उरतो तो वरचा भुसभुशीत पट्टा, आणि लाटा जवळच फुटू लागतात.

भरतीची वेळ काढायची जुनी रीत सोपी आहे: तिथीची पाऊणपट करा. चतुर्थी असेल तर ४ ची पाऊणपट ३, म्हणजे तीनच्या सुमारास पूर्ण भरती, पहाटेही आणि दुपारीही. शुक्ल पक्ष असो वा कृष्ण, हिशोब तोच. पौर्णिमा आणि अमावास्या दोन्ही १५ धरा, उत्तर येते सव्वाअकरा. भरतीनंतर साधारण सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. हा अंदाज आहे. दक्षिणेकडे जावे तशी भरती थोडी आधी येते, त्यामुळे अर्धा-पाऊण तासाचा फरक धरा आणि पोचल्यावर घरमालकांना वेळ विचारून घ्या.

आता हे मुलांच्या दिवसावर बसवून पाहा. अष्टमीला भरती सकाळी सहाला आणि संध्याकाळी सहाला, ओहोटी भर बाराच्या उन्हात. सप्तमी ते दशमी हे दिवस म्हणूनच टाळावेत: संध्याकाळी मुले खेळायला तयार असतात तेव्हा वाळूच नसते. त्रयोदशी ते प्रतिपदा मात्र उत्तम. पौर्णिमेला साडेपाचच्या आसपास पूर्ण ओहोटी, ऊन उतरलेले, मूल झोपून उठलेले. तृतीया-चतुर्थीला तीच संधी सकाळी साडेआठ-नऊला मिळते.

अमावास्या-पौर्णिमेला तर उधाण, मग मुलांना कसे न्यायचे, असा प्रश्न घरातली वडीलधारी मंडळी विचारतात आणि तो रास्त आहे. त्या दिवसांत भरती खरोखरच मोठी असते, पण ती येते दुपारच्या आधी, मुले घरात असताना. ओहोटीही तितकीच मोठी, म्हणून वाळू सर्वांत जास्त. जपायचे ते दोन गोष्टींना. उतरत्या पाण्याच्या मागे जाऊ नका, ते आत ओढते, खेळ खळग्यांतच. आणि पाणी परतू लागले की सपाट वाळूवर ते झपाट्याने पसरते, तेव्हा पिशव्या, चपला आणि मुलांचे किल्ले वरच्या अंगाला ठेवा.

महिने म्हणाल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पावसाळ्यात, जून ते सप्टेंबर, मुलांना पाण्यात उतरवू नये. नाताळच्या आठवड्यात किनाऱ्यावर गाड्या आणि गर्दी इतकी असते की लहान मुलाचा हात सोडता येत नाही.

खोली घेताना फोनवर काय विचारायचे

समुद्र दिसतो का, हा पहिला प्रश्न नव्हेच. विहिरीला जाळी आहे का, हा आहे. कोकणातल्या घरगुती निवासांच्या आवारात विहीर आणि बागेच्या शिंपण्यासाठी उघडी टाकी किंवा हौद असतो. कठडा मोठ्यांच्या हिशोबाने बांधलेला असतो, आणि मूल त्यावर चढते ते आत पाहायला. जाळी नसेल तर दुसरे घर बघा.

दुसरा प्रश्न पाणी तापवण्याचा. गॅसचा गिझर न्हाणीघराच्या आत बसवलेला असेल तर ती खोली घेऊ नका. बंद न्हाणीघरात कार्बन मोनॉक्साइड साचतो, त्याला वास नसतो आणि लहान मुलांना तो लवकर बाधतो. गिझर बाहेर हवा, किंवा विजेचा, किंवा बंबाचे पाणी बादलीने.

बाकीचे पटापट: खोली तळमजल्यावर, किनाऱ्यापर्यंत पाच मिनिटांची वाट, वीज गेली तर इन्व्हर्टर, जमिनीवर घालायला जास्तीची गादी. अनोळखी उंच पलंगावरून मुले रात्री पडतात, म्हणून गादी खालीच घाला. जेवण आधी सांगून ठेवा: मऊ भात, बिनतिखट वरण, तूप. ऐन जेवणाच्या वेळी सांगितले तर वरणात मिरची आधीच पडलेली असते.

प्रवास

पुण्याहून ताम्हिणी घाटाने माणगाव, महाड, पोलादपूर, मग खेडचा भरणे नाका आणि तिथून दापोली. मुंबईहून गोवा महामार्गाने तोच नाका. पुणे-मुंबईकडून नुसते गाडी चालवण्याचे पाच ते सहा तास धरा आणि मुलांसाठी वर दीड तास. कशेडीच्या बोगद्याने घाटातली बरीच वळणे वाचतात, पण खेड ते दापोली हा जवळजवळ तीस किलोमीटरचा रस्ता वळणावळणाचाच आहे. थकलेले मूल नेमके इथे ओकते.

त्याची कारणे ठरलेली असतात: निघताना पाजलेला पेलाभर दूध, हातातला मोबाइल आणि बंद काचा. म्हणून हे करा:

१. पहाटे पाचला निघा. मुलाला झोपेतून उचलून थेट गाडीत बसवा, दात-तोंड नंतर.
२. निघाल्यावर पहिला खाऊ दीड-दोन तासांनी, आणि कोरडा: चुरमुरे, पोळीचा तुकडा, खाकरा. दूध पोचल्यावर.
३. घाट सुरू होण्याआधी दहा मिनिटे थांबा, शू करून घ्या, दोन घोट पाणी द्या.
४. घाटात मोबाइल आणि चित्रांची पुस्तके बंद. समोरचा रस्ता दिसेल असे बसवा, काच बोटभर उघडी ठेवा.
५. उलटी थांबवणारे औषध हवे असल्यास मुलाचे वजन सांगून डॉक्टरांकडून घ्या. दोन वर्षांखालच्या मुलाला आपल्या मनाने काहीही देऊ नका.

मुलाला मांडीवर घेऊन पुढच्या सीटवर बसणे ही आपल्याकडची सर्वांत धोकादायक सवय आहे. अचानक ब्रेक लागला तर कोणाच्याही हाताची पकड टिकत नाही, आणि एअरबॅग उघडली तर ती थेट मुलावर आदळते. मुलांची सीट मागे, पट्ट्याने घट्ट बांधलेली.

गाडीत हमखास ओकणाऱ्या मुलासाठी कोकण रेल्वे बरी. खेडला उतरून दापोलीला एसटी किंवा रिक्षा मिळते. पाच वर्षांखालच्या मुलाला वेगळी जागा नको असेल तर तिकीट लागत नाही.

पाण्याच्या कडेला

नियम एकच ठेवा आणि तो मोडू नका: पाणी मुलाच्या गुडघ्यापर्यंत, आणि मोठे माणूस हाताच्या अंतरावर. चार मोठी माणसे बरोबर असली की प्रत्येकाला वाटते दुसऱ्याचे लक्ष आहे. म्हणून पाळी लावा. वीस मिनिटे एकाने फक्त मुलांकडे बघायचे, मोबाइल पिशवीत. मग तोंडाने सांगून दुसऱ्याच्या हवाली करायचे. बुडणारे मूल ओरडत नाही, हात हलवत नाही, ते गप्पपणे खाली जाते.

हवा भरलेले ट्यूब आणि बदके घरीच ठेवा. सकाळी कोकणात जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारा वाहतो. ट्यूब त्या वाऱ्यावर मुलासकट आत जाते, आणि मागे धावणारा मोठा माणूसही खोल पाण्यात सापडतो. खाडीचे मुखही टाळा. हर्णै-आंजर्ल्याच्या बाजूला खाडी समुद्राला मिळते तिथे पाणी वरून शांत दिसते, पण आत ओढ जबर असते.

ओल्या घट्ट वाळूवर लोक गाड्या आणि दुचाक्या पळवतात, म्हणून मुलांना भडक रंगाचे कपडे घाला. पिवळा किंवा नारिंगी लांबून दिसतो, निळा-राखाडी दिसत नाही. उथळ पाण्यात चालताना पाय उचलून टाकण्यापेक्षा वाळूवरून घासत न्यायला शिकवा. वाळूत दबून बसलेले पाकट (शेपटीला विषारी काटा असलेला चपटा मासा) त्या हालचालीने निघून जाते. तरी काटा लागलाच तर पाय सोसवेल इतक्या गरम पाण्यात बुडवा. पाणी आधी स्वतःच्या हाताने तपासा आणि मग दवाखाना गाठा.

सनस्क्रीन सहा महिन्यांवरच्या मुलांनाच, बाहेर पडण्याआधी पंधरा-वीस मिनिटे, आणि दर दोन तासांनी पुन्हा. त्याहून लहान बाळाला सावली आणि पूर्ण बाह्यांचे सुती कपडे. पाण्यात नेहमीचा डायपर घालू नका: तो फुगून जड होतो आणि आत वाळू अडकून मांड्या सोलवटतात. परतल्यावर लगेच गोड्या पाण्याने आंघोळ, जांघा कोरड्या करून खोबरेल.

खाणे आणि आवारातले धोके

मासे मुलांना जरूर द्या, पण निवडून. सुरमईच्या तुकडीत काटा मोठा असतो आणि सहज काढता येतो. बांगड्यात बारीक काटे लपलेले असतात, तो चार वर्षांखाली नको. कोळंबी किंवा खेकडा मुलाने आधी कधी खाल्ला नसेल तर पहिला घास सहलीत देऊ नका. अंगावर गांधी उठल्या, श्वास लागला तर मोठे रुग्णालय दूर असते.

पाणी उकळून घेतलेले. ओआरएसच्या चार पुड्या बरोबर ठेवा. मोठी पुडी असेल तर ती पूर्ण एक लिटर पाण्यात. अर्धी पुडी पेल्यात अंदाजाने टाकली की मीठ जास्त होते आणि जुलाब झालेल्या मुलाला त्याचा अपायच होतो. केलेले पाणी चोवीस तासांनी फेकून द्या.

मार्चनंतर गेलात तर काजूच्या झाडांखाली बोंडे पडलेली दिसतील. बोंड खाऊ द्या, पण त्याला लागलेली कच्ची बी मुलांच्या हातात देऊ नका. तिच्या टरफलातला चीक अंगावर उततो, तोंडाला लागला तर ओठ भाजल्यासारखे होतात.

विंचवाचा धोका सर्वांत गंभीर. जांभ्या दगडाचे गडगे म्हणजे कुंपणाच्या भिंती, लाकडांचे ढीग, रात्री बाहेर राहिलेली चप्पल या त्याच्या जागा. चप्पल घालण्याआधी झटका आणि अंधारात टॉर्चशिवाय मुलांना अंगणात सोडू नका. तांबड्या विंचवाच्या दंशानंतर मुलाला दरदरून घाम, उलट्या, हातपाय गार पडणे अशी लक्षणे दिसू शकतात. ती दिसण्याची वाट न पाहता दवाखान्यात न्या. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन हे औषध यावर रुजवले आणि कोकणातली असंख्य मुले त्यामुळे वाचली. ते वेळेत मिळणे महत्त्वाचे. मंत्र, चिरा देणे, दोरी आवळणे यांत वेळ घालवू नका. पोचल्या दिवशीच जवळच्या आरोग्य केंद्राचा रस्ता विचारून ठेवा.

तीन दिवसांची आखणी

अर्ध्या दिवसाला एकच गोष्ट. पहिल्या दिवशी अकरा-बाराला पोचणे, जेवण, झोप, साडेचारनंतर वाळू. एवढेच.

दुसऱ्या दिवशी सकाळी आंजर्ल्याचा कड्यावरचा गणपती. गाडी वर जाते आणि मुलांना खाली समुद्र दिसतो. संध्याकाळी ओहोटी असेल तर पुन्हा वाळू, नसेल तर हर्णै बंदरातला मासळीचा लिलाव. तिथे जमीन निसरडी असते आणि गर्दी टोपल्या घेऊन धावते, म्हणून पाच वर्षांखालचे मूल कडेवर. सुवर्णदुर्गची होडी या वयाला नको: चढणे-उतरणे लाटांत होते आणि किल्ल्यात सावली थोडी. डॉल्फिन पाहायला जायचेच असेल तर मुलाच्या मापाचे लाइफ जॅकेट हातात आल्यावरच होडीत पाय ठेवा. मोठ्यांचे जॅकेट मुलाच्या डोक्यावरून निघून जाते.

फेब्रुवारी-मार्चमध्ये आंजर्ले किंवा पुढे वेळास इथे कासवांची पिल्ले समुद्रात सोडतात, सकाळी आणि सूर्यास्ताच्या सुमारास. वेळासला सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने हे काम २००२ पासून उभे केले. पिल्ले कधी निघतील हे कोणाच्या हातात नसते, हे मुलांना आदल्या दिवशीच समजावून सांगा. हात लावायचा नाही, फ्लॅश मारायचा नाही.

तिसऱ्या दिवशी लवकर उठून आसूदचे केशवराज मंदिर. सुपारीच्या बागांतून उतरून पूल ओलांडायचा आणि पुन्हा पायऱ्या चढायच्या. ढकलगाडी इथे निरुपयोगी, पाठीवर बांधायची झोळी हवी. साडेसातला सुरू केले तर नऊपर्यंत परत. मग आंघोळ, मऊ भात, आणि दहाच्या सुमारास गाडी सुरू, म्हणजे खेडपर्यंतची वळणे मुलाला झोप लागण्याआधी संपतात आणि महामार्गावर ते शांत झोपते. ओल्या कपड्यांची पिशवी डिकीत, पण एक कोरडा जोड, दोन पंचे आणि उलटीच्या पिशव्या हाताशी, सीटच्या मागच्या खिशात.