पीएमटीचं टायमिंग मोजताना या चुका टाळा

पीएमटी म्हणजे फोटोमल्टिप्लायर ट्यूब, अगदी क्षीण प्रकाशाची विजेची पल्स करणारी नळी. तिचा ट्रान्झिट टाइम स्प्रेड, म्हणजे प्रकाश पडल्यापासून पल्स बाहेर येईपर्यंतच्या वेळेतली कमी-जास्त, मोठा आला की एमएस्सीची पोरं लगेच म्हणतात, ‘सर, ट्यूब गेली.’ सहसा गेलेली नसते. मोजलेल्या रुंदीत लाइट पल्स, डिस्क्रिमिनेटर (पल्स कधी आली ते पकडणारं सर्किट), टीडीसी (ती वेळ आकड्यात देणारं यंत्र) असा सगळ्यांचा वाटा असतो आणि तो वर्गांच्या बेरजेने येतो. रुंदी 1.5 नॅनोसेकंद आली आणि एलईडीची पल्सच 1.2 ची असेल, तर ट्यूबकडे फार तर 0.9 उरतात, 0.3 नव्हे.

याहून फसवी गोष्ट म्हणजे आकडा फारच चांगला येणं. प्रकाश जास्त असला की एकाच पल्सला ट्यूबमध्ये दोन-तीन फोटोइलेक्ट्रॉन (प्रकाशामुळे सुटणारे इलेक्ट्रॉन) सुटतात, त्यातला सर्वांत आधी पोचलेला वेळ ठरवतो आणि स्प्रेड आपोआप अरुंद दिसतो. पोरं खूश, रिपोर्ट चुकीचा! 100 पैकी 10 पल्सनाच सिग्नल मिळेल इतका प्रकाश कमी करा. मग त्या सिग्नलपैकी जेमतेम 5 टक्के एकाहून जास्त फोटोइलेक्ट्रॉनचे असतात. निम्म्या पल्सना सिग्नल येत असेल, तर हेच प्रमाण 30 टक्क्यांवर जातं. प्रकाश घटवायला न्यूट्रल डेन्सिटी फिल्टर लावा. एलईडीचं व्होल्टेज उतरवलं की पल्सचा आकारही बदलतो, वेळही सरकते.

साधा लीडिंग-एज डिस्क्रिमिनेटर पल्सने ठरावीक उंची ओलांडली की वेळ धरतो, म्हणून छोट्या पल्सला उशिरा पकडतो, मोठीला लवकर. कॉन्स्टंट फ्रॅक्शनवाला, म्हणजे पल्सच्या स्वतःच्या उंचीच्या ठरावीक अंशावर वेळ धरणारा, वापरा. तो नसेल तर प्रत्येक पल्सचा चार्ज नोंदवून नंतर दुरुस्ती करा.

ऑसिलोस्कोप 1 मेगाओमवर राहिलाय का, तेही बघा. 50 ओमचं टर्मिनेशन (केबलच्या टोकाला तिच्याशी जुळणारा रोध) नसेल तर पल्स केबलमध्ये येरझारा घालते. दोन मीटरच्या केबलमध्ये साधारण 20 नॅनोसेकंदांनी तिचा प्रतिध्वनी येतो आणि त्यालाच आफ्टरपल्स (खऱ्या पल्समागून ट्यूबमधूनच येणारी खोटी पल्स) समजून पानंच्या पानं लिहिली जातात.

एचव्ही, म्हणजे ट्यूबला दिलेला हाय व्होल्टेज, बदलला की ट्रान्झिट टाइमही बदलतो, त्यामुळे वेगवेगळ्या एचव्हीचे डेटा एकत्र करू नका.

आता आपल्या जळगाव-भुसावळकडचा खास त्रास. एप्रिल-मेमध्ये पारा 45 च्या आसपास गेला की डार्क काउंट (अंधारातही ट्यूबमधून येणाऱ्या पल्स) वाढतात, म्हणून कूलर लावला जातो. त्याची दमट हवा ट्यूबच्या सॉकेटवर आली की लीकेज करंट सुरू होतो, आणि मोटर चालू-बंद होताना सगळ्या चॅनेलवर एकदम खोट्या पल्स येतात. कूलरचं तोंड डार्क बॉक्सकडे नको, प्लगही वेगळ्या लाइनवर हवा. ट्यूब खोलीच्या उजेडात निघाली असेल तर रात्रभर अंधारात, एचव्ही देऊन ठेवा आणि रीडिंग पहाटे, ऊन चढायच्या आत घ्या.