भाड्याचं घर सोडताय? नोटीस आणि लाईट बिलाच्या या चुका टाळा

पुण्या-मुंबईत घर सोडताना डिपॉझिटवरून जी भांडणं होतात ना, त्यात दरवेळी कुणी लबाड असतंच असं नाही, बऱ्याचदा नोटीसची तारीख आणि मीटरचं रीडिंग दोघांपैकी कुणीच लिहून ठेवलेलं नसतं. पैसे मालकाकडे अडकलेले असतात, म्हणून हिशोब चावी द्यायच्या आधी करा, नंतर नाही.

पहिली चूक, नोटीस तोंडी देणं. "एजंटला सांगितलं होतं की" याला काही अर्थ नाही. ॲग्रीमेंटमध्ये बहुतेक वेळा एक महिन्याची लेखी नोटीस असं असतं, तर व्हॉट्सॲपवर आणि मेलवर दोन्हीकडे पाठवा, त्यात घर सोडायची तारीख स्पष्ट लिहा आणि मालकाकडून "मिळाली" एवढं तरी उत्तर घ्या. उत्तरच येत नसेल तर ॲग्रीमेंटमधल्या पत्त्यावर स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती जपून ठेवा. त्याआधी लॉक-इन, म्हणजे ॲग्रीमेंटप्रमाणे घर सोडता येत नाही तो ठरलेला काळ, कधी संपतोय ते बघा, कारण लॉक-इनमध्ये सोडलं तर नुसत्या महिन्याच्या नोटीसवर भागेलच असं नाही.

आणि ॲग्रीमेंटचे 11 महिने संपले तरी "बघू पुढे" म्हणत राहू नका. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 च्या कलम 24 प्रमाणे मुदत संपल्यावर घर सोडलं नाही तर दुप्पट भाड्याने नुकसानभरपाई लागू शकते, हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं. मालकांनीही लक्षात ठेवा, ॲग्रीमेंट रजिस्टर करायची जबाबदारी कलम 55 नुसार तुमची आहे, आणि ते केलं नसेल तर अटी काय ठरल्या होत्या याबद्दल उलटं सिद्ध होईपर्यंत भाडेकरूचंच म्हणणं धरलं जातं.

आता लाईट बिल, खरी डोकेदुखी इथेच. समजा महावितरणचं रीडिंग 12 तारखेला होतं आणि तुम्ही 31 ला निघालात, तर मधल्या 19 दिवसांचं बिल तुम्ही गेल्यावर येणार, आणि ते मालकाच्या नावावर येणार. मग तो अंदाजाने हजार-दोन हजार कापतो आणि वाद सुरू. निघायच्या दिवशी मीटरचा फोटो काढा, युनिट आणि मीटर नंबर दोन्ही दिसले पाहिजेत, शेवटच्या बिलातलं चालू रीडिंग त्यातून वजा करा, मागच्या बिलात सरासरी एक युनिट कितीला पडलं ते बघून रक्कम काढा आणि तिथल्या तिथे देऊन टाका. राहायला येतानाही हाच फोटो काढायचा आणि बिलावर आधीची थकबाकी दिसते का तेही बघायचं. मीटर बंद दारामागे असेल तर सरासरीचं बिल येत राहतं आणि खरं रीडिंग झालं की एकदम मोठी रक्कम येते, त्यामुळे शेवटची बिलं खऱ्या रीडिंगची आहेत ना ते तपासाच.

अजून एक, महावितरण सुरक्षा ठेवीचं वेगळं बिल पाठवतं, आणि भाडेकरू बिचारे तेही नेहमीचं बिल समजून भरतात. ती ठेव कनेक्शन ज्याच्या नावावर आहे त्याची राहते, म्हणजे मालकाची. भरली असेल तर हिशोबात परत मागा, तो तुमचा हक्क आहे! पाइप गॅसचं बिल दोन महिन्यांनी येतं, त्याचंही रीडिंग घ्या. नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस, म्हणजे मालक स्वतः न राहता घर भाड्याने देतो म्हणून लागणारे पैसे, सोसायटी मालकाकडून घेते, ॲग्रीमेंटमध्ये तुमच्यावर टाकले नसतील तर डिपॉझिटमधून कापू देऊ नका.

शेवटचं भाडं न देता "डिपॉझिटमधून वळवा" म्हणणंही टाळा. मालक लेखी हो म्हणाला तरच, नाहीतर तीच तुमची थकबाकी धरली जाते आणि बाकी सगळं तुमच्या बाजूने असून तुम्हीच चुकीचे दिसता.

एवढं करूनही डिपॉझिट अडकलं तर पोलीस बहुतेक दिवाणी मामला आहे म्हणून परत पाठवतात. आधी फोटो आणि पावत्या जोडून पूर्ण हिशोब मेल करा, पैसे द्यायला ठरावीक मुदत द्या, मग वकिलाची नोटीस पाठवा, आणि त्यानेही नाही झालं तर कोर्टात दावा.