एनओसीत पहिली नोकरी हवी असेल तर तयारी कशी करायची

मी हिंजवडीतल्या एका एनओसीत, म्हणजे नेटवर्कवर चोवीस तास नजर ठेवणाऱ्या नेटवर्क ऑपरेशन्स सेंटरमध्ये, शिफ्ट लीड आहे. फ्रेशरच्या मुलाखतींना मलाच बसवतात, त्यामुळे हे सगळं टेबलाच्या या बाजूने सांगतेय.

डिप्लोमा, बीएस्सी, बीसीए, काहीही चालतं. सीसीएनए (सिस्कोचं नेटवर्किंगचं सर्टिफिकेट) असेल तर रेझ्युमे वर येतो, पण तेवढ्यावर भागत नाही. मी कागद पुढे सरकवते: १९२.१६८.१०.७०, स्लॅश २६, नेटवर्क आणि ब्रॉडकास्ट, म्हणजे त्या सबनेटचा पहिला आणि शेवटचा पत्ता, सांगा. शेवटचा आकडा ६४ आणि १२७ असा आला, तर पुढे बोलू. सर्टिफिकेट असूनही इथेच अडणारे बरेच भेटतात.

आधी सबनेटिंग (नेटवर्कचे छोटे भाग पाडणं), व्हीलॅन (एकाच स्विचवरची वेगवेगळी नेटवर्कं), एआरपी, डीएचसीपी, डीएनएस आणि थोडं राउटिंग पक्कं करा. सिस्कोचं पॅकेट ट्रेसर, म्हणजे कॉम्प्युटरवरची नेटवर्कची लॅब, फुकट मिळतं. त्यात नेटवर्क उभं करणं सगळेच करतात. तुम्ही ते बिघडवा. पोर्ट चुकीच्या व्हीलॅनमध्ये टाका, गेटवे बदला, मग मित्राला शोधायला लावा. आमचं रोजचं काम हेच आहे, फक्त बिघडवणारा दुसराच कुणीतरी असतो.

माझा ठरलेला प्रश्न: पहाटे तीनला अलर्ट आला, एका शाखेचा राउटर पिंगला उत्तर देत नाही. काय कराल? बहुतेक जण म्हणतात, ‘आयएसपीला (इंटरनेट लिंक देणाऱ्या कंपनीला) फोन.’ अहो, थांबा जरा. एकच शाखा गेलीय की त्या शहरातल्या सगळ्या? बॅकअप लिंक आहे का? असेल तर तिच्यावरून लॉगिन करा आणि ‘शो आयपी इंटरफेस ब्रीफ’ मारा, म्हणजे प्रत्येक पोर्टची स्थिती दिसते. स्टेटस आणि प्रोटोकॉल दोन्ही डाउन असतील तर केबल, मोडेम, पलीकडचं डिव्हाइस इथे संशय घ्या. ‘अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्हली डाउन’ दिसलं तर पोर्ट कुणीतरी कमांड देऊन बंद केलाय. आयएसपीचा त्यात काही संबंध नाही, आजचे चेंज (नेटवर्कमध्ये केलेले बदल) बघा. लॉगिनच होत नसेल तर शाखेच्या वॉचमनला फोन लावून लाइट आहे का विचारा. निम्मी तिकिटं (बिघाडाच्या नोंदी) तिथेच मिटतात, असं माझं तरी मत आहे.

लिंक परत आली की तिकीट बंद करायची घाई नको. ‘शो व्हर्जन’मध्ये अपटाइम बघा. पाचच मिनिटं दाखवत असेल तर राउटर रीस्टार्ट झालाय, म्हणजे आधी वीज किंवा यूपीएस तपासा. कित्येक महिने दाखवत असेल तर राउटर चालूच होता, लिंक गेली होती. आता आयएसपीकडे कारण मागा. कुठेतरी जेसीबीने फायबर तोडलेली निघते.

तिकिटात ‘चेक्ड, वर्किंग फाइन’ लिहिणाऱ्याला माझ्या शिफ्टमध्ये ओरडा बसतो. असं लिहा: ‘०३:१० प्राथमिक लिंक डाउन, ट्रॅफिक बॅकअपवर. ०३:१८ शाखेत वीज असल्याची खात्री. ०३:२२ आयएसपीकडे तक्रार नोंदवली, क्रमांक अमुक. पुढचा फॉलोअप ०३:५०.’ सकाळच्या शिफ्टमधल्याला तुम्हाला झोपेतून उठवावं लागू नये, एवढंच बघायचं. मराठी माध्यमातून आलात म्हणून इंग्रजीची धास्ती घेऊ नका, अशी चार छोटी वाक्यं लिहिता आली की पुरे.

रोटेशनल शिफ्ट गृहीत धरा. घरी आधीच सांगून ठेवा, दिवसा झोपलेल्याला दर तासाला चहाला उठवतात. नोकरीसाठी कुणी डिपॉझिट किंवा ‘ट्रेनिंग फी’ मागितली तर तिथून निघा.

मुलाखतीच्या शेवटी ‘काही प्रश्न?’ असं विचारलं की हे विचारा: एल-१ला (पहिल्या फळीतल्या इंजिनिअरला) डिव्हाइसवर लॉगिन मिळतं का, की नुसतं तिकीट पुढे ढकलायचं? रीड-ओन्ली लॉगिन मिळत असेल तरी चांगलं, शो कमांड तर मारता येतात. तेही नसेल आणि नोकरीची गरज असेल तर घ्या, पण घरची लॅब बंद करू नका आणि एल-२वाल्यांच्या (वरच्या फळीतल्यांच्या) ब्रिज कॉलवर, म्हणजे बिघाड सोडवायला सगळे जोडले जातात त्या कॉलवर, म्यूट राहून ऐकत जा.