नाटकाची पत्रिका छापताय? या चुका टाळा

नाटकाची पत्रिका म्हणजे प्रयोगाला आलेल्या प्रेक्षकाच्या हातात दिला जाणारा, श्रेयनामावलीचा छापील कागद. हौशी आणि प्रायोगिक नाट्यसंस्थांमध्ये हल्ली तिच्याबद्दल एक वाक्य फार ऐकू येतं : ‘आम्ही यंदा पेपरलेस आहोत.’ हे सांगणाऱ्याच्या पाठीमागे बहुतेक वेळा दहा बाय सहाचा फ्लेक्स लटकत असतो. त्यावर तारीख छापलेली असते, म्हणजे उद्या सकाळी तो निरुपयोगी. पत्रिका वाचवली, प्लास्टिक टांगलं.

म्हणून आधी हिशोब. ए-फोर आकाराचा १३० जीएसएमचा आर्ट पेपर (म्हणजे चकचकीत, गुळगुळीत कागद), मधोमध घडी, ही आपल्याकडची नेहमीची पत्रिका. जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन, आणि ए-फोर म्हणजे चौरस मीटरचा सोळावा हिस्सा. एक पत्रिका साधारण ८ ग्रॅमची झाली. ५०० प्रतींचे ४ किलो. किलोभर कागदामागे ढोबळमानाने एक ते दीड किलो कार्बन डायऑक्साइड धरला, तर सगळ्या पत्रिकांचा मिळून ४ ते ६ किलो. एक लिटर पेट्रोल जळलं की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. म्हणजे ठाण्याहून गाडी काढून दादरला शिवाजी मंदिरात नाटक बघायला आलेलं एखादं कुटुंब जाऊन-येऊन जेवढं जाळतं, साधारण तेवढाच या पाचशे पत्रिकांचा भार.

मग पत्रिकेची एवढी चर्चा कशाला? कारण गाडी घेऊन आलेल्या माणसाने नाटक तरी पाहिलेलं असतं. खोक्यात उरलेली पत्रिका कुणीच पाहिलेली नसते. शिवाय प्रेक्षकाने गाडी काढावी की लोकलने यावं, हे आपल्या हातात नाही. पत्रिका पूर्णपणे आपल्या हातात आहे. खालच्या बहुतेक चुका न वाचल्या जाणाऱ्या प्रतींच्या आणि पुन्हा वापरता न येणाऱ्या कागदाच्या आहेत.

‘हजारच काढून टाकू, रेटमध्ये फरक नाही’

सगळ्यात महागडी चूक ही, आणि ती प्रेसच्या काउंटरवर होते. ऑफसेटवर, म्हणजे धातूची प्लेट बनवून मोठ्या मशीनवर, छापताना खरा खर्च त्या प्लेटचा आणि मशीन लावण्याचा असतो. रंग जुळेपर्यंत, सगळे रंग नेमके एकमेकांवर बसेपर्यंत काही शीट्स वायाच जातात. एकदा मशीन सुरू झालं की पाचशेनंतरचे पाचशे जवळजवळ कागदाच्या भावात मिळतात. प्रेसवाला हे प्रामाणिकपणे सांगतो आणि आपण हुरळून जातो. नाट्यगृहाची आसनक्षमता हजाराच्या आसपास, म्हणून पत्रिका हजार. पण प्रायोगिक नाटकाला हजार माणसं कधी आली होती?

हे मोजायला सोपं आहे. पहिल्या प्रयोगाला पत्रिका खुर्चीखुर्चीवर ठेवू नका. प्रवेशद्वाराजवळ टेबलावर ठेवा आणि मागेल त्याला द्या. दोघं एकत्र आले की त्यांना एक पुरते. चौघांच्या कुटुंबालाही बहुधा एकच पुरते. प्रयोगानंतर टेबलावर किती उरल्या आणि खुर्च्यांखाली किती पडल्या, हे एकाने मोजायचं. दुसऱ्या प्रयोगापासून तोच आकडा धरायचा. माझा अंदाज विचाराल तर बुकिंगच्या निम्म्याहून कमी प्रती लागतात, आणि फुकट्या पासांचा प्रेक्षक तर पत्रिका हातातही घेत नाही.

दोन-तीनशेच्या खाली गरज असेल तर ऑफसेटचा हट्ट सोडा. डिजिटल प्रिंटला प्लेट लागत नाही, आज शंभर आणि पुढच्या शनिवारी ऐंशी असं काढता येतं. एका प्रतीचा दर जास्त पडतो हे खरं. पण हिशोब वाचल्या गेलेल्या प्रतीमागे करून बघा, उत्तर बदलतं.

आणि हो, मध्यंतर. बटाटेवडा कागदाच्या तुकड्यावर मिळतो, तो तुकडा तेलाने भिजतो, मग हातातली पत्रिका त्याखाली जाते. तेलकट कागद पुन्हा कागद होण्याच्या कामाचा राहत नाही. कँटीनवाल्याला बशा ठेवायला सांगणं हाही पत्रिकेच्या नियोजनाचाच भाग समजा.

काळी पार्श्वभूमी, मग लॅमिनेशन

नाटक प्रायोगिक आहे हे सांगायचं म्हणजे पत्रिका काळी हवी, असा अलिखित नियम कुणी केला कोण जाणे. पूर्ण काळ्या छपाईत शाई भरपूर जाते, ती वाळायला वेळ लागतो आणि एका शीटची शाई दुसऱ्या शीटच्या पाठीला लागते. जाड आर्ट पेपरला घडी घातली की घडीवर काळा रंग तडकतो आणि पांढरी रेघ दिसते. मग डिझायनर म्हणतो, वरून मॅट लॅमिनेशन मारू.

इथे खरी गडबड होते. लॅमिनेशन म्हणजे कागदावर चिकटवलेली प्लास्टिकची पातळ फिल्म. साध्या छापील कागदाचा लगदा होतो, शाई काढून टाकता येते, धागे पुन्हा वापरता येतात. फिल्म चिकटलेल्या कागदाचं तसं होत नाही. रद्दीवालाही असा गठ्ठा हातात घेऊन नाक मुरडतो. दोन तास टिकायची पत्रिका आपण पावसाळ्यात भिजू नये अशी बनवतो.

घडीवर रंग तडकत असेल तर उपाय लॅमिनेशन नाही. घडीची जागा कोरी ठेवा, किंवा तिथे फिका रंग येईल अशी रचना करा. प्रेसला आधी क्रीझिंग करायला, म्हणजे घडीच्या रेषेवर दाबून खाच पाडायला, सांगा आणि घडी कागदाच्या धाग्याच्या दिशेने येईल हे बघायला सांगा. चांगला प्रेसवाला हे न सांगताही बघतो. त्याहून सोपं म्हणजे आर्ट पेपरच नको. साधा मॅपलिथो (न चकाकणारा छपाईचा कागद), ७० किंवा ८० जीएसएम, पांढऱ्यावर एकच रंग. नाट्यगृहाच्या मंद दिव्यात चकचकीत कागदावर प्रकाश परावर्तित होतो आणि अक्षरं दिसत नाहीत. मॅपलिथोवर ती नीट वाचता येतात. ज्येष्ठ प्रेक्षक दुवा देतील.

कागद म्हणजे झाडच तोडलं, असंही सरसकट समजू नका. भारतात बनणाऱ्या कागदाचा मोठा वाटा रद्दीपासून येतो, काही गिरण्या बगॅसपासून, म्हणजे उसाच्या चिपाडांपासून, कागद करतात. पेपर मार्केटमध्ये पुनर्वापरातला किंवा बगॅसचा कागद मागितला तर मिळतो. तो किंचित मळकट पिवळा दिसतो एवढंच, आणि तेही नाटकाच्या पत्रिकेला शोभतं.

चौकोनी पत्रिकेचा मोह

आठ बाय आठ इंचांची चौकोनी पत्रिका देखणी दिसते. उघडली की ती आठ बाय सोळा. डिजिटल मशीनची नेहमीची शीट १३ बाय १९ इंच. त्यात ही पत्रिका फक्त एक बसते, आणि जवळजवळ निम्मा कागद कटिंगच्या ढिगात जातो. त्याच शीटवर घडीच्या ए-फोर पत्रिका दोन बसतात. ए-फोर उभा तीन भागांत कापून केलेल्या लांबट पट्ट्या तर सहा बसतात.

मला स्वतःला ही लांबट पट्टी फार आवडते. १०० जीएसएमवर तिचं वजन जेमतेम २ ग्रॅम, म्हणजे नेहमीच्या पत्रिकेच्या चौथा भाग. एका बाजूला नाटकाचं नाव आणि श्रेयनामावली, दुसऱ्या बाजूला लेखक-दिग्दर्शकाचं चार ओळींचं मनोगत. मनोगत चार ओळींत बसत नसेल तर कापायला कागदाआधी मनोगत घ्यावं. पट्टी खिशात राहते, पुस्तकात खूण म्हणूनही राहते. डिझाइन सुरू करण्याआधी प्रेसवाल्याला ‘शीट कोणती आणि तिच्यात किती बसतील’ एवढं विचारलं तरी पुष्कळ कागद वाचतो.

तारीख आणि नटसंच छापून मोकळं होणं

पत्रिकेवर ‘शुभारंभाचा प्रयोग’ आणि तारीख छापली की दुसऱ्या दिवशी ती रद्दी. आठवडाभर आधी छापली आणि दोन दिवस आधी एक नट आजारी पडला की सगळ्यांवर चिठ्ठ्या डकवत बसायचं. गिरगावातल्या प्रयोगाच्या पत्रिका कोल्हापूरला चालत नाहीत, कारण खाली नाट्यगृहाचं नाव आहे.

मुख्य पत्रिकेवर तारीख, वेळ, स्थळ घालूच नका. प्रेक्षकाला ते माहीत असतं, म्हणूनच तो आलेला असतो. नटसंचात बदल होण्याची शक्यता असेल तर तेवढा भाग प्रवेशद्वाराजवळच्या फलकावर खडूने लिहा. महोत्सवात पाच दिवस पाच नाटकं असतील तर पाच पत्रिकांऐवजी सगळ्यांची मिळून एक, आणि बाहेर पडताना ‘नको असेल तर इथे ठेवा’ असं लिहिलेली पेटी. तारीख नसलेली पत्रिका या पेटीतून पुढच्या प्रयोगाला पुन्हा टेबलावर येते. तारीख असलेल्या पत्रिकेसाठी अशी पेटी ठेवणं म्हणजे नुसती शोभा.

प्रूफं मात्र पाठकोऱ्या कागदांवरच काढा. संहितेच्या जुन्या प्रिंट्स प्रत्येक तालमीच्या खोलीत ढिगाने पडलेल्या असतात.

क्यूआर लावला, पण उघडत नाही

पत्रिकेऐवजी क्यूआर कोड हा चांगला उपाय आहे, पण तो लावण्याची पद्धत बहुतेक ठिकाणी चुकते. तक्रारी ठरलेल्या असतात.

स्कॅनच होत नाही : कोड काळ्या पार्श्वभूमीवर पांढरा केला असेल, भोवती कोरी जागा ठेवली नसेल, किंवा चकचकीत स्टँडीवर (उभ्या जाहिरात-फलकावर) दिव्याचा झोत पडत असेल. ढोबळ नियम असा की जितक्या अंतरावरून स्कॅन करायचा त्याच्या दहावा भाग कोडची रुंदी. रांगेत तीन मीटरवर उभ्या माणसासाठी ३० सेंटिमीटर.

स्कॅन होतं, पण ‘परवानगी मागा’ असं येतं : फाइल गूगल ड्राइव्हवर आहे आणि ती सगळ्यांसाठी खुली केलेली नाही. मालकाच्या फोनवर उघडते, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. प्रयोगाच्या आदल्या दिवशी संस्थेबाहेरच्या कुणाच्या तरी फोनवर करून बघा.

गोल गोल फिरत राहतं : छपाईची भलीमोठी पीडीएफ तशीच चढवली आहे. कित्येक नाट्यगृहांत आत गेलं की रेंज निम्मी होते. साधं पान करा, मजकूर आणि एखादा फोटो, एक-दोन एमबीच्या आत. कोड आत नको, तिकीट खिडकीपाशी आणि बाहेरच्या आवारात लावा. ऑनलाइन तिकीट काढणाऱ्यांना लिंक आधीच पाठवा.

महिन्याभराने कोड बंद : फुकट सेवेवरून बनवलेला, मधल्या पत्त्यावरून फिरणारा कोड मुदत संपली की मरतो. थेट पत्ता असलेला साधा कोड बनवा.

आणि तिसऱ्या घंटेनंतर कुणीही पत्रिकेसाठी फोन काढू नये, हे आधीच सांगा. मोबाइलच्या त्रासाने कलाकारांनी चालू प्रयोग थांबवल्याचं आपण पाहिलेलं आहे. पत्रिकेच्या निमित्ताने अंधारात शंभर पडदे उजळवणं हे पर्यावरणप्रेम नव्हे. ज्यांच्याकडे स्मार्टफोन नाही किंवा ज्यांना तो वापरायचा नाही, त्यांच्यासाठी टेबलावर थोड्या पट्ट्या असू द्या.

हिरवं दिसणारं, हिरवं नसलेलं

बिया घातलेला कागद सध्या जोरात आहे. निमंत्रण मातीत पुरा, तुळस उगवेल. पुरतं कोण? फ्लॅटमधल्या माणसाच्या टेबलावर ते महिनाभर पडून राहतं आणि मग ओल्या-सुक्या कचऱ्यापैकी नेमकं कशात टाकायचं ते त्याला कळत नाही. निमंत्रणपत्रिकेला गुंडाळलेली पारदर्शक प्लास्टिक फिल्म तर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी असलेल्या वस्तूंच्या यादीत आहे. १०० मायक्रॉनहून पातळ पीव्हीसी बॅनरही त्याच यादीत आहेत. संस्थेच्या नावाचा कापडी बॅनर एकदा रंगवून घ्या, तारखेची जागा मोकळी ठेवा, तो कित्येक वर्षं चालतो.

स्मरणिका

वर्धापनदिनाच्या स्मरणिकेपुढे पत्रिका किरकोळ आहे. ए-फोर आकार, आत ९० जीएसएमची वीस पानं, २५० जीएसएमचं कव्हर : एक प्रत ८५ ग्रॅमच्या पुढे जाते, ५०० प्रती म्हणजे चाळीस किलोंहून जास्त. त्यातली निम्मी पानं शुभेच्छांच्या जाहिराती. त्या छापायच्या नाहीत असं म्हटलं तर नाटकच होणार नाही, हे कळतं. पण जाहिरातदाराला ‘हजार प्रती’ असं वचन देण्याऐवजी प्रयोगाआधीची घोषणा, तिकिटाची पाठ आणि डिजिटल पान असं एकत्र द्या. बऱ्याच जणांना आपलं नाव स्पीकरवरून ऐकायला जास्त आवडतं.

जे फुकट आहे तेच विसरणं

आपल्या व्यावसायिक नाटकांना प्रेक्षकाच्या हातात पत्रिका देण्याची फारशी गरज पडली नाही, कारण पडदा उघडण्याआधी श्रेयनामावली माइकवरून सांगितली जाते : नेपथ्य, प्रकाशयोजना, संगीत, रंगभूषा, वेशभूषा, सूत्रधार. शून्य ग्रॅम. प्रायोगिकवाल्यांना ही पद्धत जुनाट वाटते म्हणून ते ती टाळतात आणि मग आर्ट पेपरवर तीच नावं छापतात. घोषणा चांगल्या आवाजात, सावकाश आणि दीड मिनिटाच्या आत करा. बॅकस्टेजच्या मुलांची नावं त्यात घ्या.

एकही प्रत न ठेवणं

पूर्ण पेपरलेस होण्याच्या नादात ही चूक नव्याने सुरू झाली आहे. जुन्या नाटकांचे नटसंच, तारखा, तिकीटदर आज कळतात ते हँडबिलांवरून आणि नाट्यगृहाबाहेर विकल्या जाणाऱ्या पदांच्या पुस्तिकांवरून. समाजमाध्यमावरची पोस्ट दहा वर्षांनी सापडेल याची खात्री कोण देणार?

दहा प्रती मुद्दाम ठेवण्यासाठी काढा, लॅमिनेशन न करता. हौस असेल तर या दहा हातकागदावर काढा. कापडाच्या चिंध्यांपासून केलेला तो कागद दीर्घकाळ टिकतो. दोन संस्थेत, दोन लेखक-दिग्दर्शकांकडे, बाकीच्या गावातल्या जुन्या ग्रंथालयांना विचारून त्यांच्याकडे. पत्रिकेवर तारीख छापलेली नसल्यामुळे या प्रतींवर पेन्सिलीने तारीख, नाट्यगृह, कितवा प्रयोग आणि त्या दिवशीचा नटसंच लिहा. बॉलपेनने नको, शाई पलीकडे उमटते.